अर्धा फेरा

रविवार, दि. ६

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

बाबाचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. आम्ही दोघं ठीक आहोत. काल फोनवर बोललोच, पण फोन तुझ्या आईच्या उशाशी असतो, आणि आवाज गेला तरी तिचे कान अजून तिखट आहेत. काही गोष्टी कागदावरच बऱ्या. वाचनालयात खिडकीजवळचं टेबल रिकामं मिळालं, पेपर कुणीतरी आधीच पळवला होता, म्हणून बसलो लिहायला. खिडकीबाहेर एक झाड आहे. त्याची पानं उन्हात अशी काही हलतात की वाटतं, शाळेत वर्गातून दिसायची तीच ही पानं; ती आहेत तिथेच राहिली आणि मीच वरच्या इयत्तेत गेलो. असो. मुद्द्यावर येतो, नाहीतर म्हणशील, निघाली बाबांची गाडी.

मुद्दा पाटीचा आहे. तू आणून दिलेल्या टॅबलेटला तुझ्या आईनं ठेवलेलं हे नाव आता माझ्याही तोंडी बसलंय. पहिल्या ऑपरेशनमध्ये गळ्यातला आवाज गेला, उजव्या हाताला कंप आला, पेनानं लिहिलेलं तिचं तिलाच लागेना; तेव्हापासून ही पाटी म्हणजेच तिची जीभ. एका बोटानं अक्षरं दाबते आणि आतली ती बाई बोलते. पहिल्या दिवशी आई म्हणाली होती (म्हणजे पाटी म्हणाली), "सून आली घरात, उलट उत्तर देत नाही." अजूनही त्या बाईनं बसस्थानकावरच्या घोषणेच्या सुरात "अहो" म्हटलं की मी गाडी कुठल्या फलाटाला लागली ते बघायला मान वळवतो.

तर तू गेल्यापासून पाटी भरत नाही. वायर लावलेली असते, विजेचं चिन्ह दिसत असतं, आणि आई टाईप करत असताना टक्क्यांचा आकडा खाली खालीच येतो. टाकीत वरून पाणी पडतंय आणि खालचा नळ त्याहून मोठा सुटलाय, असं. रात्रभर लावून ठेवली तरी सकाळी जेमतेम निम्मी. दुपारची झोप झाली की काळी पडते, आणि मग आई काळ्या काचेकडे बघत बसते.

काल भिंग घेऊन बसलो. भिंतीतल्या ॲडॅप्टरवर बारीक अक्षरांत पाच व्होल्ट, एक अँपिअर असं आहे. पाटीच्या खोक्यावर नऊ व्होल्ट, दोन अँपिअर छापलंय. पाणीपुरवठ्यात चावीवाला म्हणून हयात गेली, तेव्हा एवढं कळतं: व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, अँपिअर म्हणजे नळाची धार. म्हणजे भिंतीत अडकवलेला पाटीचा नव्हेच. ठके, तू निघालीस त्या दिवशी तुझ्या फोनचा आणि आईच्या पाटीचा ॲडॅप्टर शेजारी शेजारी होते. दोन्ही पांढरे. तू घाईत होतीस. मी घाईच म्हणतो. तुम्हा मायलेकींत त्या सकाळी जे झालं त्याला दुसरं नाव द्यायला मी गेलो नव्हतो आणि आताही जात नाही. तेवढी तुझी बॅग बघ. आमचा मोठा, जरा जड आहे. सापडला तर कुरिअरनं पाठव.

घाई एवढ्यासाठी की गेल्या गुरुवारी सर्जनकडे बोलता बोलताच पाटी विझली. दुसऱ्या ऑपरेशनचं विचारत होते. पुढची भेट सतरा तारखेला, त्या दिवशी ठरवून सह्या करू, असं म्हणाले, हे तुला फोनवर सांगितलंय. पाटी विझल्यावर आई मान हलवत राहिली आणि मग डॉक्टर माझ्याकडे वळले. पुढचं नंतर लिहितो. पेपर आला वाटतं टेबलावर.

तब्येतीला जप. आईचे आशीर्वाद धरून चाल. तिच्या वतीनं लिहायची आता सवयच झाली आहे.

आईच्या आणि माझ्या वतीनं,
तुझा बाबा


मंगळवार, दि. १५

चि. ठकूस आशीर्वाद.

आज हवा कोरडी आहे. आईनं सकाळी कुस्करलेलं केळं पूर्ण खाल्लं आणि सूप निम्मं. खोकला कालच्यापेक्षा कमी. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा गुरुवार होऊन गेलेला असेल, म्हणून तर लिहायचा धीर होतोय.

आधी तुला चार्जरचं शास्त्र सांगतो, कारण ते सोपं आहे. बाकीचं नाही.

बसथांब्यामागच्या गल्लीत एक मोबाइल दुरुस्तीवाली बसते. गेल्या आठवड्यात पाटी आणि सगळा सरंजाम पिशवीत घालून तिच्याकडे गेलो. तिनं पाटी उलटीपालटी केली आणि म्हणाली, "आजोबा, ही आजारी नाही, उपाशी आहे. तुम्ही हिला चमच्यानं भरवताय." मग एक अंगठ्याएवढं यंत्र मध्ये लावलं, त्यावर धार किती ते दिसतं. तुझ्या फोनच्या त्या छोट्या ॲडॅप्टरवर आमची केबल लावली तेव्हा आकडा इतका खाली की ती हसलीच. मग तिनं तिच्याकडचा मोठा ॲडॅप्टर लावला. मला वाटलं, झालं काम. पण आकडा जरासाच हलला. तेव्हा तिनं आमची केबल बोटांत धरून दाखवली. तुला आठवत असेल, भिंतीतला प्लग कपाटाच्या मागे, खाट खिडकीशी, आईला बाहेरचं झाड दिसावं म्हणून. मधलं अंतर कापायला मी स्टेशनरीवाल्याकडून लांबलचक केबल आणली होती. ती शेवयांइतकी बारीक. आतली तार बारीक आणि वर लांब, म्हणजे निम्मा जोर वाटेतच मुरतो. शिवाय मोठा ॲडॅप्टर आधी पाटीला विचारतो म्हणे, झेपेल का जास्त. असल्या केबलमधून तो निरोप धड पोचत नाही, मग तो बिचारा कमीच देतो. शेवटी तिनं तिची जाड, आखूड केबल लावली आणि आकडा असा चढला की मी काउंटरला हात टेकले.

तात्पर्य, ॲडॅप्टर चांगला आणि केबल वाईट असली तरी उपयोग नाही, केबल चांगली आणि ॲडॅप्टर किडका तरी नाही. दोघांत जो कमी, त्याचंच राज्य. आमचे शाळेतले गुरुजी स्वतः ओळी जुळवायचे आणि फळ्यावर लिहायचे. त्यातल्या दोन मला तिथे उभ्या उभ्या आठवल्या:

नदी भरली काठोकाठ, माझ्या हाती सुरई लहान;
जेवढा तिचा गळा रुंद, तेवढीच भागे तहान.

मी त्या म्हणून दाखवल्या. दुरुस्तीवाली म्हणाली, "छान आहे, पण गळा बदला आजोबा." दोन्ही वस्तू तिच्याकडे होत्या. ॲडॅप्टर मुलीकडून येतोय आणि जाड केबल घरी खोक्यात पडलीय, असं सांगून मी परत आलो. खरंच होतं ते. निघताना तिनं सांगितलं, तोवर निदान चार्जिंगला लावताना पाटी पूर्ण बंद करून ठेवा, जास्त भरेल.

हे मी आईला सांगितलं नाही.

आता त्या गुरुवारचं, मागच्या पत्रात अर्धं सोडलेलं. पाटी विझल्यावर आईनं जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. डॉक्टर चांगले आहेत, तरुण आहेत, घाई करत नाहीत. ते मला म्हणाले, "यांना नेमकं काय म्हणायचंय? मला त्यांच्याच तोंडून हवं होतं." मी म्हणालो, "घाबरली आहे ती. आम्ही समजावू." आई माझ्याकडे बघत होती. तिनं माझी बाही धरून ओढली. मी तिचा हात थोपटला, लहान मुलाचा थोपटावा तसा. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, सतराला पुन्हा विचारतो. त्यांना सांगता आलंच नाही तर मग घरच्यांनी मिळून ठरवा.

ते वाक्य मी दहा-बारा दिवस धरून बसलोय, ठके.

तुझं म्हणणं मला माहीत आहे आणि माझंही तेच आहे. ऑपरेशन झालं तर ती राहील. पोटातल्या नळीनं जेवेल, कितीतरी महिने खाटेवरून उठणार नाही, पण राहील. नाही झालं तर किती, ते डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. तू फोनवर म्हणालीस, "बाबा, आईचं मनावर घेऊ नका, तुम्ही सही करा." आणि त्या सकाळी तू तिला हट्टी म्हणालीस तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा राहून मनातल्या मनात तुझ्या बाजूनंच होतो.

कामावर असताना आमची एक पद्धत होती. टाकी खाली गेली की एखाद्या वस्तीचं पाणी तोडायचं नाही. तोडलं की माणसं काठ्या घेऊन येतात. चावी फक्त अर्धा फेरा आवळायची. पाणी येतच राहतं, नुसतं बारीक. हंडा भरायला वेळ लागतो, लोक नळाला शिव्या देतात, पाइपाला देतात, नशिबाला देतात. चावीवाल्याला कुणी देत नाही. तो संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी जातो आणि लोक त्याला रामराम करतात.

तुझा ॲडॅप्टर काल आला. तू फोनवर विचारलंस तेव्हा "अजून नाही" म्हणालो ते खोटं. माझ्या कपाटाच्या खणात आहे, जुन्या क्रमिक पुस्तकांच्या मागे. कुरिअरवाल्यानं बेल वाजवली तेव्हा आईनं पाटीवर विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, चुकीचा पत्ता. पाटीत चार टक्के उरले होते. ते तिनं त्या प्रश्नावर घालवले.

मी काहीही तोडलेलं नाही. तिचं बोलणं चालू आहे. नुसतं बारीक झालंय.

आता घरी जातो. तिला एकटीला बराच वेळ झाला.

आईच्या आणि माझ्या वतीनं,
बाबा


गुरुवार, दि. १७

चि. ठकूस आशीर्वाद.

दवाखान्यातून आलो, आई झोपली आहे. आज वाचनालयात नाही, घरीच लिहितोय. लपवण्यासारखं काही उरलं नाही.

काल दुपारी मी तिला खुर्चीत बसवून खाट ओढायला घेतली. खोक्यातली जाड केबल आखूड. खाट कपाटापर्यंत नेल्याशिवाय पोचत नव्हती. खाटेचे पाय फरशीवर असे करकरले की खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि विचारू लागल्या, सगळं ठीक ना? मी म्हणालो, खोली बदलतोय. त्या म्हणाल्या, या वयात? आणि हसून गेल्या. आई खुर्चीतून नुसती बघत होती. पाटी तिच्या मांडीवर, काळी.

का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. मंगळवारी पत्र पेटीत टाकून घरी आलो तेव्हा आई काळ्या काचेवर बोट फिरवत होती. बंद पडलेल्या पाटीवर अक्षरं काढत होती. मला बघून थांबली आणि हात पदराखाली घेतला, चोरी पकडल्यासारखा. चोरी कुणाची आणि पदर कुणी आवरावा! बुधवारी सकाळपासून ते बोट डोळ्यांपुढून हलेना.

तर खाट लावली, खणातून ॲडॅप्टर काढला, प्लगात घातला. पाटी उजळली. तिथेच "जलद चार्जिंग" अशी अक्षरं आली, जी तू गेल्यापासून आम्ही पाहिलीच नव्हती. आईनं ती वाचली. मग ॲडॅप्टरकडे बघितलं. तो ओळखायला तिला वेळ लागला नाही. थोड्या वेळानं तिनं बोट टेकवलं आणि पाटीतली बाई बोलली.

"हा कधी आला?"

मी म्हणालो, "सोमवारी."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा तिच्या जुन्या सवयीनं एकच शब्द फेकेल आणि माझी साल निघेल. तिनं काहीच टाईप केलं नाही. पाटी भरत होती, आकडा डोळ्यांदेखत चढत होता, आणि ती बोलत नव्हती. ठके, इतके दिवस घरात जी शांतता होती ती मी केलेली होती. ही तिची होती. माझ्यानं तिथे उभं राहवेना आणि जाववेनाही. शेवटी मी तोंड उघडलं, गुरुजींच्या सुरईबद्दल काहीतरी बोलू लागलो, तेव्हा बाईनं मला मध्येच थांबवलं.

"पाटी भरलीय. कविता नको."

बरं म्हणालो.

"मला विचारा."

"काय विचारू?"

"डॉक्टर उद्या विचारणार ते. तुम्ही एकदाही विचारलं नाही. ठकूनं पण नाही. समजावलंत दोघांनी."

हे तुला जसंच्या तसं लिहितोय, कारण त्यात तुझं नाव आहे. मी मनात मागे मागे गेलो. पहिल्या तपासणीपासून सगळे दिवस आठवून पाहिले. खरंच विचारलं नव्हतं गं. औषध घेतलंस का विचारलं, दुखतं का विचारलं, सूप गरम आहे का विचारलं.

मग मी खाटेच्या कडेवर बसलो आणि विचारलं, "तुला करायचंय का ऑपरेशन?"

ती बराच वेळ टाईप करत होती. पाटीतली बाई सगळं एका दमात, "चहा ठेवा" म्हणते त्याच सुरात बोलली:

"नाही. केळ्याची चव लागते अजून. खुर्चीपर्यंत चालते. तुमची बडबड ऐकू येते. हे असेल तोवर मला राहायचंय. नळी लावून खाटेवर जी राहील ती तुमच्यासाठी राहील, माझ्यासाठी नाही. तुमच्यासाठी खूप केलं. हे नाही करणार."

मी म्हणालो, "मी एकटा पडेन."

तिनं लगेच बोट टेकवलं. "माहीत आहे." आणि मग, "खाट परत खिडकीशी न्या. रात्री लावा पाटी इथे. दिवसा मला झाड हवं."

म्हणजे खाट पुन्हा ओढली. खालच्या बाई या वेळी आल्या नाहीत.

आज दवाखान्यात फार वेळ बसावं लागलं. बाकावर बसून मी दर थोड्या वेळानं आकड्याकडे चोरून बघत होतो. पहिल्यांदाच असं झालं की तो खाली जाऊ नये म्हणून बघत होतो. डॉक्टरांनी तिला विचारलं, हळू, नीट, दोनदा. तिनं काल जे लिहिलं होतं ते पाटीला पुन्हा बोलायला लावलं. माझ्याबद्दलची वाक्यं मात्र तिनं काढून टाकली होती. झाकली तिनं माझी मूठ.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मागच्यासारखेच माझ्याकडे वळले. कागद टेबलावर होते, पेनही काढून ठेवलेलं होतं. "तुमचं काय म्हणणं?" मी आईकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मला बोलता आलं नसतं. मी म्हणालो, "माझं म्हणणं वेगळं आहे. पण तिनं सांगितलं ते तुम्ही ऐकलंत." डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मन बदललं तर केव्हाही या म्हणाले, दुखणं कमी ठेवायची औषधं लिहून दिली, आणि दारापर्यंत आले.

सही झाली नाही, ठके. तुला राग येईल. मलाही येतोय, सकाळपासून, आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. माझं मत अजून बदललेलं नाही. मला ती हवी आहे, कशीही, खाटेवर, नळीसकट. आताही ती झोपलीय आणि मी श्वास मोजत बसलोय. पण चावी माझ्या हातात नाही, आणि कधीच नव्हती, हे तुला सांगायला हवं होतं.

तू लवकर ये. रागावून आलीस तरी चालेल. पाटी आता भरलेली असते, तेव्हा भांडायचं असेल तर तिच्याशी भांड. ती पुरून उरेल. मी मध्ये नसेन. आधी फक्त तिला एकदा विचार. आणि तुझ्या फोनचा तो छोटा ॲडॅप्टर इथे आहे, तो जाताना आठवणीनं ने.

आईचे आशीर्वाद आई कळवेल. खाली नाव घालतोय ते माझ्या एकट्याचं.

बाबा